पपया पाठवल्या आहेत, त्याविषयी

पंचवटी, नाशिक
एप्रिल २००३

तीर्थस्वरूप दाजींच्या सेवेशी सहादूचा दंडवत.

इकडे सर्व कुशल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. एक पोट सोडलं तर ते खरंही आहे. आपला गुडघा, अक्काचं पित्त आणि म्हशीची तब्येत कशी आहे ते कळवावे. (म्हशीचं मनापासून विचारतोय. बाकी दोन उत्तरं मला पाठ आहेत.)

आपलं पत्र पोचलं. नवरीला उचलून बोहल्यावर नेण्याचा मान मामाचा खरा, पण सुवर्णाच्या लग्नात तो आपल्या पुतण्याने, अमितने, सांभाळावा असं आपण फार नाजूकपणे सुचवलं आहे. ‘तुझ्या प्रकृतीच्या काळजीने’ हे शब्द तर मी आमच्या मंडळींनाही वाचून दाखवले; त्यांनी माझ्या पोटाकडे बघून मान डोलावली. साखरपुड्याला आपला जिना चढून आल्यावर मला बराच वेळ बोलता आलं नव्हतं, हे मान्य. अमित व्यायामशाळेत जातो, हेही मान्य (बाही वर केल्याशिवाय तो चहासुद्धा पीत नाही). पण दाजी, अक्काला भाऊ एकच आणि मला भाची एकच. भाजीच्या पाटीत बसवून तिला मी सगळ्या बाजारातून मिरवलं आहे. तिला दुसऱ्या कोणी उचललेलं मला बघवणार नाही.

म्हणूनच साखरपुड्याहून आलो तो थेट वजन उतरवणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गोळ्या दिल्या. गोळी गुणाची निघाली. भूक मेली, तोंडाला कोरड पडली आणि पोटाने बेमुदत संप पुकारला. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्या म्हणून बजावलं होतं, पण पाण्यानेही वजन वाढतं अशी माझी समजूत, त्यामुळे इसबगोल मी अर्ध्या कप चहाबरोबर घेतला. तो आत जाऊन सिमेंटसारखा बसला. विचार करा दाजी, मेथी, पालक, शेपू विकून निम्म्या पंचवटीचं पोट साफ ठेवणारा माणूस मी, आणि माझ्याच दुकानाला टाळं.

एवढ्यावरही निभावलं असतं, पण मंडळींनी गोष्ट लंकाबाईंच्या कानावर घातली. या बाई माझ्या शेजारी लिंबं-मिरच्या विकतात आणि त्यांचा आवाज रामकुंडापर्यंत जातो. डोक्यावरची टोपली उतरवायच्या आधी त्या रोज विचारायच्या, “सहादूभाऊ, झालं का?” मी मान हलवेपर्यंत गिऱ्हाईकही जुडी हातात धरून थांबायचं. नाही म्हटलं की अख्खी रांग हळहळायची. इतकी आपुलकी मला निवडणुकीला उभा राहिलो असतो तरी मिळाली नसती.

शेवटी एका संध्याकाळी डॉक्टरांनी पातळ औषध दिलं, मंडळींनी एरंडेल दिलं आणि लंकाबाईंनी त्यांच्या माहेरचं चूर्ण दिलं. कोणाचं मन मोडू नये म्हणून मी तिन्ही घेतली, आणि एकाचं दुसऱ्याला सांगितलं नाही. सकाळी मालाच्या लिलावाला गेलो. पपईच्या ढिगापाशी व्यापाऱ्यांचं कडं पडलं होतं आणि मला पलीकडे पालेभाजीकडे जायचं होतं. तेवढ्यात पोटातून असा निरोप आला की मी एका हाताने पोट दाबलं आणि वाट द्या म्हणून दुसरा हात उंच केला. लिलावात हात वर करणं म्हणजे बोली वाढवणं, हे मला शिकवायला नको. पण त्या घडीला मला माझं नावही आठवत नव्हतं. अडत्याने बोली वाढवली. मला वाट मिळेना, मी आणखी उंच हात केला. त्याने परत वाढवली. समोरच्या व्यापाऱ्याने माझा चेहरा पाहिला, हा माणूस आज इरेला पेटलाय असं समजून तो मागे सरला, आणि मला एकदाची वाट मिळाली. (वेळेत पोचलो. त्याहून जास्त आपल्याला लिहिणं बरं दिसत नाही.) परत आलो तेव्हा बाजारातला उत्तम पपईचा अख्खा ढीग माझ्या गाळ्यावर रचला होता, आणि लंकाबाईंनी माझी चाल बघूनच सगळ्या रांगेला “झालं” म्हणून सांगितलं होतं.

असो. मी आता हलका आहे, आमचा जिना न थांबता चढतो. तेव्हा मान माझ्याकडेच राहू द्यावा. अक्काला नमस्कार.

आपला,
सहादू

ता.क. जिना न थांबता चढतो हे मंडळींनी वाचलं. मधल्या पायरीवर मी थांबतो, पण ते शेजाऱ्यांशी बोलायला.

ता.क. पपयांच्या पाट्या उद्याच्या नांदगाव गाडीने येतील. त्या पंगतीसाठी नाहीत. मी फुशारकीने गोळीचं नाव फोनवर सुवर्णाला सांगितलं होतं. काल तिचा फोन आला. आधी हसली, मग म्हणाली, “मामा, मीपण त्याच घेतेय. तुला धाप लागली तर अमितदादा हसेल ना.” तिलाही अन्न गोड लागत नाही आणि पोटाचं माझ्यासारखंच झालंय, लाजून घरात कोणाला बोलली नाही. मुळात ती तोळामासा पोर, दाजी. तिच्या गोळ्या आजच काढून घ्या, डॉक्टरांना दाखवा आणि पपया तिलाच द्या. विचारलं तर मामाने हौसेने पाठवल्यात म्हणावं. माझ्याही गोळ्या मी बंद केल्या आहेत. आहे तेवढा मामा आहे तेवढ्या भाचीला उचलील. फक्त बोहलं जरा घराच्या दाराशी घाला.