विळ्याच्या मुठीवरची चिंधी

शेणवा, गुरुवार, संध्याकाळ

काय बावळट आहे मी! आणि तरी इतका आनंद झालाय की अक्षर धड येत नाय.

नववीला चित्रकला घ्यायची की तंत्र, ते लिहून उद्या फॉर्म द्यायचाय. तंत्राच्या सरांनी घरातली एखादी वस्तू मोजून तिचं चित्र काढून आणायला सांगितलं होतं. मी आईचा विळा काढला, मुठीवरच्या चिंधीसकट. माप पण चिंधीवरूनच घेतलं! सर म्हणाले, "ही चिंधी कशाला?" मी म्हटलं, "सर, विळ्याला असतेच ना." सर हसले. "का असते, ते घरी विचार."

घरी आल्या आल्या विचारलं. आई म्हणाली, "मूठ बारीक हाय गो. कापताना हातात फिरते." म्हणजे इतकी वर्षं ती चिंधी गुंडाळतेय, आणि मूठच बदलावी असं कुणालाच सुचलं नाय? मला तरी कुठे सुचलं! मग दोऱ्याने आईची पकड मोजली आणि वहीत जाड, जराशी चपटी मूठ काढली. चपटी असली की फिरणार कशी? तंत्रच घ्यायचं, ठरलं!

पण बाबा म्हणाले, "करवत-रंधा पोरींचं काम नाय," आणि सही न करताच ओटीवर जाऊन बसले. मी रडले नाय. मूठ खोडून पुन्हा नीट काढत बसले.

आत्ता बाबा आत आले. फॉर्मवर सही केली आणि स्वतःचा विळा माझ्या वहीवर ठेवला. "ह्याची पण बघ."

त्याच्या मुठीवरही चिंधी होती.