गुलाबी झगा आणि ताईचे फोन

३० नोव्हेंबर
आगमनकाळ सुरू, नाताळाआधीचे चार आठवडे! म्हणजे चर्चची सगळी कापडं आमच्या लाँड्रीत. वेदीच्या चादरी, पडदे, फादरांचे झगे. फुकट. देवाला शब्द दिला आईने, धुवायला मात्र मी! "एक पोर देवाला दिली, एक लाँड्रीला," असं ती सगळ्यांना सांगायची. देवाला दिली ती ताई. सिस्टर झाली, दूरच्या मठात असते. लाँड्रीपाशी आईचा आवाज जरा पडायचा.

३ डिसेंबर
ताईचा फोन. "नाताळची तयारी म्हणजे मनाची तयारी गं. आनंदाने वाट बघ." म्हटलं, बघतेय ना — ड्रायरचा पट्टा कधी येतो त्याची! हसली नाही. पूर्वी हसायची.

७ डिसेंबर
प्रवचनात फादर म्हणाले, "मन स्वच्छ करा." नेमकं माझ्याकडेच बघून! चादरीवर मेण सांडलं तर टीपकागद ठेवून गरम इस्त्री फिरवते, निघतं. मनाला कुठला कागद लावू?

१३ डिसेंबर
उद्या आनंदाचा रविवार. सगळा आगमनकाळ फादर जांभळ्यात, फक्त उद्या गुलाबी. झगा आणून दिला आणि हळूच विचारलं, "फार वाईट दिसतो का गं मी ह्यात?" म्हटलं, "स्ट्रॉबेरी आइस्क्रीम दिसता, फादर." फादर म्हणाले, "देवाची इच्छा," आणि गेले.

दुपारी वेदीच्या चादरीला इस्त्री करत होते. नवरा गठ्ठे पोचवायला गेलेला. वाफ उठली, सुरकुती गेली आणि — काय लिहू? एकदम बरं वाटलं. कारण काही नाही. कुणीतरी मायेचं माणूस शेजारी येऊन उभं राहावं, तसं. मी हसत होते आणि डोळ्यांतून धार!

आधी वाटलं, बीपी. मोजलं. नॉर्मल!

नवरा आला. "काय झालं?"
"आनंद झाला."
"कशाचा?"
"काय माहीत!"
"चहा ठेवू का?"
बिचारा.

१४ डिसेंबर
अजून आहे! रात्रीत जाईल वाटलं होतं. चर्चमध्ये मिस्सेला फादर गुलाबी, मीही गुलाबी.

घरी येऊन ताईला फोन लावला. "ताई, तू म्हणतेस ना, तो मला झाला. आनंद. देवाबिवाचा!" ती म्हणाली, "कसा असतो गं?"

वाटलं, परीक्षा घेतेय. म्हणून नीट सांगितलं — धरायला जावं तर हाताला लागत नाही, पण खोलीभर ऊब असते. "प्रार्थनेची घंटा झाली," म्हणाली आणि ठेवला. मला तर काही घंटा ऐकू आली नाही.

१८ डिसेंबर
ताईचा फोन नाही. मीच केला. मठातल्या मदर म्हणाल्या, "सिस्टर विश्रांती घेताहेत." ताई आणि विश्रांती! तापातसुद्धा गुडघ्यावर बसणारी बाई!

२१ डिसेंबर
आनंद आहे. पडदेही आहेत. दोन्ही संपत नाहीत. ताईचं काय ते कळत नाही.

२५ डिसेंबर
सकाळी दार वाजलं. ताई! अंगात कुणाचातरी निळा ड्रेस, चुरगळलेला. हातात एक पिशवी. "सोडून आले," म्हणाली. "तुला फोनवर जे सांगायचे ना, ते मला कधीच —" मी हात धरून आत घेतलं.

आता माझ्या पलंगावर झोपलीय. तोंड उघडं, चक्क घोरतेय. नवरा बूट घालून दारात उभा. "चल ना, मिस्सा सुरू होईल." म्हटलं, तू जा. ही उठली की समोर कुणीतरी दिसायला हवं.