कोपराने वाजवलेली बेल

प्रिय धाकट्या,

तुझा फोन लागत नाही, म्हणून पत्र लिहितेय. पत्राचं एक बरं असतं, ते दाराखालून आत येतं. कुणाला उठून दार उघडावं लागत नाही.

मी बरी आहे. खरंच बरी आहे. तुझे दाजी गेल्यावर सोफे शिवायचं वर्कशॉप मी एकटीने ओढलं, हे तुला ठाऊक आहे. पुढचं ठाऊक नाही. हप्ते थकले, वसुलीवाले घरी यायला लागले आणि मला बेलचीच धास्ती बसली. बेल वाजली की गॅस बंद करायचा, दाराबाहेरच्या चपला आत ओढायच्या आणि कापड बदलायला आलेल्या मोठ्या खुर्चीमागे बसून राहायचं. वाचायला घेतलं तर तासभर डोळे एकाच ओळीवर. सांगणार कुणाला? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत सव्वा रुपयाही नव्हता, तरी झाकलेलीच ठेवली.

मग एकदा त्या खुर्चीचा मालक आला. मजुरी द्यायला आणि खुर्ची न्यायला. मी त्याच्याच खुर्चीमागे श्वास धरून बसलेली! पैसे द्यायला आलेला माणूस बेल दाबून दाबून परत गेला. शेजारच्या मावशींनी जिन्यातून पाहिलं होतं. संध्याकाळी म्हणाल्या, अगं, लक्ष्मी टिळा लावायला आली आणि तू तोंड धुवायला गेलीस होय? मी हसायला गेले आणि रडूच फुटलं. त्यांनीच मला डॉक्टरकडे नेलं. छातीत धडधडायचं, पण काळीज ठणठणीत निघालं. डॉक्टरांनी समुपदेशकाकडे पाठवलं.

ती कालची पोर रे, आपल्या भाचीएवढी. मी आधीच ठणकावलं, मला वेड लागलेलं नाही, मला पैशांची अडचण आहे. ती म्हणाली, काकू, पैशांचं तुम्ही बघालच, आपण धडधडीचं बघू. मावशींनी रोज कधीही येऊन बेल वाजवायची आणि मी दार उघडायचं, एवढंच तिने सांगितलं. मावशींना काय, आयतंच मिळालं. दार उघडलं की कंबरेवर हात ठेवून म्हणायच्या, एक कप चहा थकलाय, वसुलीला आलेय. सुरुवातीला मी साखळी लावूनच दार उघडायचे. पुढे मी आधीच आधण ठेवायला लागले.

एके दिवशी त्या पोरीने विचारलं, बेल वाजल्यावर दाराबाहेर कोण असावंसं वाटतं? तोंडातून निघून गेलं, आमचे हे. आठवतं तुला? दाजींच्या दोन्ही हातांत कापडाचे गठ्ठे असायचे, म्हणून ते कोपराने बेल वाजवायचे. लांबलचक, वेडीवाकडी. मी आतून ओरडायचे, अहो, बेल आहे, भोंगा नाही! ते गेल्यावर मला रडायलाही फुरसत नव्हती, हप्ते रांग लावून उभे होते. तिथे त्या पोरीसमोर पोटभर रडून घेतलं. अजूनही रडते, पण आता नुसती त्यांच्यासाठी रडते, भीती त्यात कालवलेली नसते. डोकं थाऱ्यावर आलं तशी स्वतः कर्जाच्या ऑफिसात गेले, हप्ता लहान करून घेतला. कर्ज आहेच. पण झोप येते, आणि पुस्तकाचं पान उलटतं.

आता हे सगळं तुला का लिहिलं ते सांगते. तुझं दुकान बंद झाल्याचं मला बाजारात कळलं. परवा तुझ्या दारात येऊन गेले. बेल वाजवली, आतला पंख्याचा आवाज थांबला. उंबऱ्याशी धुळीत चपला आत ओढल्याच्या रेघा होत्या, ताज्या. मी रागावले नाही रे, त्या रेघा माझ्या ओळखीच्या आहेत. त्या पोरीकडची माझी सोमवारची वेळ मी तुझ्या नावावर केलीय. मी रविवारी येते. दोन्ही हातांत पिशव्या असतील, तेव्हा बेल कोपराने वाजवीन. वसुलीवाला कोपराने बेल वाजवत नाही. उघड.

तू दार उघडेपर्यंत जिन्यात बसून राहणारी,
तुझीच ताई