तिसरं नाव

शुक्र. ९ जाने.
कुरकुंभच्या केमिकल कारखान्यांचा वास आज पार अंगणापर्यंत. सरपंच सकाळीच कागद ठेवून गेला. त्यात लिहिलेलं, माझ्या घरी प्रार्थनेला कोणी जमणार नाही; खाली माझ्या सहीला जागा. "मामा, गावात कुरबुर नको. सही करा आन् मोकळं व्हा. न्हाईतर नळ तोडावा लागंल."
गुरुवारची प्रार्थना माझ्या बायकोनं, रूथनं सुरू केलेली. ती जाऊन दोन वर्षं झाली, सतरंजी तीच. कारखान्यातल्या पाच-सहा बायका पाळी सुटली की येतात. त्यांना दुसरी जागा नाही.
विचार करतो म्हणालो. भित्रा कुठला. दौंडच्या यार्डात चौतीस वर्षं पॉइंट्समन, हुकूम आला की रुळांचा सांधा बदलायचा. का म्हणून कधी विचारलं नाही.

रवि. ११
चर्चमध्ये राज्यकर्त्यांसाठीची प्रार्थना माझ्याकडे. आमची रीत: आधी देशाचा, मग राज्याचा, शेवटी आपल्या गावाचा कारभारी, नाव घेऊन. तिसऱ्या नावावर सगळे आमेन म्हणतात.
दोन घेतली. तिसरं, सरपंचाचं, जिभेवर येईना. सगळे डोळे मिटून थांबलेले. खिडकीतून ऊन, लांब कुठंतरी मालगाडी. किती वेळ गेला कोण जाणे. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं, तिथंच राहावंसं. मग तसाच जाऊन बसलो. आमेन झालंच नाही.
नंतर पास्टरसाहेब म्हणाले, "अधिकार वरून येतो, बाबूराव. त्यालाही देवानंच बसवलंय."
"मग आमच्या गुरुवारला कुणी बसवलं?"
हसले. म्हणे, बायबलात राज्यकर्त्यांच्या अधीन राहा सांगणारा पौल स्वतः तुरुंगात जाऊन आला. सही करू की नको, ते मात्र धड सांगितलं नाही.

सोम. १२
नळ कोरडा. शेजारच्या सुमनबाईंनी कळशी आणून ठेवली. त्या बौद्ध, आमच्या प्रार्थनेला कधी आल्या नाहीत. "पानी तोडनं आमाला नवं न्हाई, भाऊ. घ्या." डोळे भरून आले.
दुपारी डुलकी. यार्डातले सगळे रूळ पाण्याखाली, मी सांध्यापाशी. रूथला विचारतो, गाडी कुठल्या लाइनीला घेऊ? ती नुसती पाण्यावर सतरंजी अंथरते, कोपरे सारखे करते... जागा झालो तर भिंतीवर कळशीतल्या पाण्यावरून आलेली उन्हाची तिरीप हलत होती.

बुध. १४, संक्रांत
सरपंच तिळगूळ घेऊन दारात. "गोड बोला, मामा. आन् उद्यापत्तोर सही. माज्यावर बी वरनं दाब हाय."
त्याच्याही वर कोणीतरी. असं वर वर करत कुठपर्यंत जायचं? आणि सगळ्यांच्या वर जो आहे, त्यानं कुठं सही मागितलीय?
तिळगूळ चांगला होता. त्याचाच राग आला.

गुरु. १५
सतरंजी अंथरली. बायका यायला थोडा अवकाश. कागद तसाच, सही केलेली नाही, करणारही नाही.
एकटाच गुडघ्यावर बसलो. रविवारची राहिलेली प्रार्थना पुरी करायला घेतली. तिसरं नाव मोठ्यानं घेतलं. फार जड गेलं. देवा, त्याला सुबुद्धी दे. आणि त्याचा द्वेष न करता त्याला नाही म्हणायचं बळ मला दे.
हे लिहितोय तोवर फाटकाशी सरपंचाची जीप थांबली. मागून बायकांचं बोलणंही ऐकू येतंय. दार उघडंच आहे. आमेन सगळे बसल्यावर. तो आत आला तर त्याच्यासकट.