तू पावडरीसाठी जात नव्हतीस

आजी, मागच्या मंगळवारी मी तुझ्याबद्दल खोटं बोललो. आपल्याच गावात, चावडीपुढच्या लिंबाखाली, चार माणसांदेखत बोललो आणि वर सहीसुद्धा करून दिली. तेव्हापासून जेवण अर्धं टाकून उठतोय. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, कुलूप लावून दहा पावलं गेलो की परत येऊन ओढून बघणारा माणूस मी. आता कुलूप ओढून बघता येतं, बोललेलं काय ओढून बघणार? बायको म्हणते, बीपी तपासून घ्या. तपासलं. वाढलंय.

झालं असं की माझ्या लेकीची बारावी झाली. तुझी पणती, तू तिला पाहिलं नाहीस. तिला नर्सिंगला जायचंय. त्यासाठी जातीच्या दाखल्याची पडताळणी करून घ्यावी लागते, आणि त्या पडताळणीसाठी एक साहेब गावात येऊन विचारपूस करतात. घरात देव कोणते, लग्नं कशी लावता, मयत कुठं नेता, सगळं. तसे आपले कागद स्वच्छ आहेत. आज्यानं बाप्तिस्मा घेतला नाही, बापानं घेतला नाही, मीही नाही. सगळ्या घरात तू एकटी. पण ख्रिश्चन हा शब्द फायलीत शिरला की सवलत गेलीच, ही धास्ती आपल्या वस्तीत लहानपणापासून ऐकत आलोय. घरून निघतानाच देवाला म्हणत होतो, आज कुणाच्या तोंडून आजीचं नाव निघू देऊ नको. कोणत्या देवाला म्हणत होतो ते माझं मलाच माहीत नाही.

आणि नाव निघालंच. आपल्या शेजारचा म्हातारा, आता त्याला धड दिसतही नाही, तो साक्षीला बसला होता. साहेबांनी घराण्याची माहिती विचारली तर हा कौतुकानं म्हणतो, "ह्यांची आज्जी लई देवाची बाई. आयतवारी चर्चला गेल्याबिगर पानी पेत नव्हती." साहेबांचा पेन थांबला. माझ्याकडं बघून म्हणाले, "आजी ख्रिश्चन होत्या का?" आवाज अगदी साधा होता, दरडावून वगैरे नाही. आणि मी म्हणालो, "न्हाई हो साहेब. तिथं दुधाची पावडर मिळायची, म्हणून जायची. गरिबी होती, तवा सगळेच जायचे." साहेब हसले आणि तसंच्या तसं लिहून घेतलं. म्हातारा हसला नाही. तो खाली बघून जमिनीवर काठी टोकरत राहिला. त्याच्या घरी पावडर जायची ती तुझ्या हातून, आजी. त्याला कसं हसू येईल?

कारण सगळ्या गावात ती पावडर न घेतलेली बाई तू एकटीच होतीस. चर्चपुढं जीप यायची, पोती उतरायची, आणि बायकांची रांग लागायची. आपल्या वस्तीतल्या असायच्या, गावातल्याही हळूच यायच्या. पाळकसाहेबांनी माप तुझ्या हातात दिलं होतं, कारण तू कुणाला चिमूटभर कमी-जास्त करायची नाहीस. सगळ्यांना घालून झालं की पोतं झटकायचीस, घडी करायचीस आणि मोकळ्या हातानं घरी यायचीस. आज्याचं डोकं फिरायचं. "सगळ्या गावाला वाटती आन घरचे लेकरं कोरा चहा पितेत. कावून आनत न्हाईस?" तू चुलीत फुंकर घालत म्हणायचीस, "आनली तर लोकं म्हनतेल, म्हातारी दुधाला भुलून बाटली. मी दुधासाठी गेले न्हाई." एकदा आज्यानं चिडून विचारलंच, मग गेलीस तरी कशासाठी? तू भाकर थापायची थांबलीस. "पयल्या दिवशी मी दाराभाईर बसले होते, पायताणापाशी. तर पाळकसाहेब मला म्हनले, आत येऊन बसा बाई. मला तवर कुनीच आत बस म्हनलं नव्हतं." एवढं बोलून परत भाकर थापायला लागलीस. आज्यानं कोऱ्या चहाचा विषय पुन्हा कधी काढला नाही.

एक दिवस माझ्या तोंडाला ती पावडर लागली होती. शेजारच्या पोरानं चिमूटभर दिली, मी चाटली, टाळूला चिकटली, गोड लागली. तू बघितलंस. मारलं नाहीस, त्याचीच मला जास्त भीती वाटली. रांजणापाशी नेऊन तोंड धुतलंस, पदरानं पुसलंस आणि समोर बसवलंस. "आता कुनी इचारलं, तुजी आज्जी चर्चला कशाला जाती, तर काय सांगशील?" मी रडत म्हणालो, मला ठावं न्हाई. "मग ठावं न्हाई म्हन. पर खोटं सांगू नको." मंगळवारी एवढं जरी म्हणालो असतो! माहीत नाही साहेब, मी लहान होतो. एवढ्यावर भागलं असतं. चौपन्न वर्षांच्या माणसाला सहा-सात वर्षांच्या पोराइतकीही अक्कल राहू नये, याचा मला संताप येतो.

अजून तू डोळ्यापुढं दिसतेस. चुलीपुढं मांडी घालून बसलीयेस, टोपल्यात भाकरी आहेत, डोक्यावर पदर, डोळे मिटलेले. तुझी प्रार्थना संपता संपत नाही. ज्याच्या रानात खुरपायला जातेस आणि जो रविवारी खाडा केला म्हणून तोंड सोडतो, त्याच्या पायदुखीसाठीसुद्धा मागतेस. आज्या मिशीतल्या मिशीत म्हणतोय, "देवाला म्हनाव आटप आता, भाकर गार व्हायली." तू डोळे न उघडता म्हणतेस, "तुमच्यासाठीच मागायलेय, गप बसा." आम्ही पोरं खाली बघून हसतोय. दिंद्रुडच्या बाजाराला जाताना तुझी पिशवी मी धरायचो, त्यात भाजीच्या आधी गीतपुस्तक असायचं. पन्नाशीत अक्षरं शिकलीस तू, एकेका अक्षराखाली बोट ठेवून. मला त्या वयात मोबाईलवर फॉर्म भरता येत नाही.

दोन दिवसांनी मी बीडला एका वकिलाकडं गेलो. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आहो, एकट्या आजीनं बाप्तिस्मा घेतला होता असं सांगितलं असतं तरी बहुतेक काही बिघडत नव्हतं. आजोबांचं, वडिलांचं बघतात. आधी विचारायचं तर." म्हणजे उगाच. विनाकारण. मी विचारलं, जबाब बदलून देता येईल का? तो म्हणाला, "आता कशाला खाजवून खरूज काढता? फिरवलात की त्यांना संशय येणार. गुमान बसा." येत्या सोमवारी सुनावणी आहे, लेकीलाही बोलावलंय. पडताळणीचा कागद अजून हातात नाही.

आणि मंगळवारी लेक तिथंच होती, लिंबाखाली, माझ्या मागच्या खुर्चीवर. परतताना आम्ही एसटीत बसलो. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "पप्पा, पणजी पावडरीसाठी जायची, तर त्यात लाजायचं काय? पोरं उपाशी असल्यावर बाई काय करणार?" किती मायेनं बोलली गं. तू न केलेल्या गोष्टीबद्दल तिनं तुला माफ करून टाकलं. मी खिडकीबाहेर बघत "हं" म्हणालो. साहेबांपुढं मी घाबरून बोललो होतो. एसटीत कोण साहेब होता?

तिला खरं सांगावं असं रोज वाटतं. पण ती तुझ्यावर गेलीय. सोमवारी कुणी विचारलं तर उभी राहून सगळं सांगून मोकळी होईल. म्हणून मनाशी ठरवलंय, कागद हातात पडला की सांगायचं. पण मी मला ओळखतो. कागद मिळाला की वाटेल, ॲडमिशन पक्की होऊ दे. मग वाटेल, नोकरी लागू दे. हे लिहितानासुद्धा मी कुणाचं नाव घातलेलं नाही, तुझंही नाही, चुकून कुणाच्या हाती पडलं तर म्हणून. लिहून झालं की फाडणार आहे. आजी, हे मी तिला सांगायला हवं होतं. तुला सांगितलं, कारण तू आता कुणाला सांगणार नाहीस.