मी बरी झालेली नाही

मी, श्रीमती मार्था वसंत सोनटक्के, वय वर्षे त्र्याहत्तर, व्यवसाय पूर्वी शिवणकाम आणि हल्ली आजारपण, राहणार मानकापूर, नागपूर, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही दडपणाला बळी न पडता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझा विश्वास ठिकाणावर नसल्याचा दाखला माझा एकुलता एक मुलगा अश्विन याने तोंडी दिला आहे. तो जोडता येत नाही, पण लकडगंजात कोणालाही विचारले तरी मिळेल.

कलम १. मला पोटाचा कॅन्सर आहे. होता नव्हे, आहे. मृत्युपत्रात आजाराचे कलम नसते, असे वकीलसाहेब म्हणाले. माझ्यात राहील, असे मी म्हणाले. कारण लोकांच्या फोनवर फिरणाऱ्या एका व्हिडिओत मी ठणठणीत बरी झालेली आहे.

अश्विन आधी पाण्याचे फिल्टर विकायचा. पुढे त्याला देवाचे पाचारण झाले आणि त्याने लकडगंजात एका लाकडाच्या गोदामावरचा हॉल घेऊन स्वतःची मंडळी, म्हणजे चर्च, सुरू केली. बोलण्याची रीत मात्र फिल्टरचीच राहिली. आधी माणसाला घाबरवायचे, मग वापरण्यापूर्वीचे आणि वापरल्यानंतरचे दाखवायचे. गेल्या वर्षी 'नंतरचे' म्हणून त्याने मला मंचावर उभे केले. मी माईकमध्ये एवढेच बोलले, "मी आता भीत नाही." लगेच त्याने माईक ओढून घेतला आणि ओरडला, "ऐकलं का? माझी आई बरी झाली! हालेलुया!" लोक नाचू लागले. मी खुर्ची शोधत होते.

घरी येताना मी त्याला विचारले, "काहून गा, मी बरी झाली असं तुले कोणी सांगितलं?"

"आई, विश्वासानं आधीच बोला लागते. मग देव करते."

"म्हणजे देवाले तोंडघशी पाडाची धमकी देऊन राहिला तू?"

"तू असं बोलतेस ना, म्हणूनच तुझं अडून राहिलं."

कलम २. मंचावर मी जे बोलले ते खरे होते, म्हणून त्याचाही खुलासा करते. मी जन्मभर देवाशी घासाघीस केली. नवऱ्याची खापरखेड्याच्या वीजकेंद्रातली रात्रपाळी सुटावी म्हणून उपास, अश्विन दहावीला पास व्हावा म्हणून नवस, आणि बाप्तिस्मा झालेल्या बाईने नवस करू नये म्हणून त्याला नाव 'संकल्प'. आजार कळला तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसून मी हिशोब लावला आणि लक्षात आले की देवाला देण्यासारखे माझ्याजवळ काही उरलेले नाही. उपास करावा तर अन्न आधीच जात नव्हते. मी म्हटले, "बापा, मी तुझी आहे. आता तू बघ." माझ्या छातीवरचे ओझे उतरले, आणि मी सुनेला सांगून तर्री-पोहे मागवले. डॉक्टरांची मनाई होती. इतके मोकळे मला लग्नातही वाटले नव्हते.

कलम ३. ही सून म्हणजे मिनल. ती मला दवाखान्यात न्यायची आणि नवऱ्याला सांगायची की सासूबाईंना बायकांच्या प्रार्थनासभेला नेऊन राहिली. त्या खोट्याबद्दल देव तिला काही म्हणेल असे मला वाटत नाही, आणि म्हणालाच तर मी तिथे असेन. माझे शिवणयंत्र आणि कात्र्या मिनलला द्याव्यात. तिला बटणसुद्धा लावता येत नाही, तरी तिलाच. नवऱ्याचे पाचारण धंद्यासारखे बसले तर ब्लाउज शिवून घर चालते, हे मी चालवून पाहिले आहे.

कलम ४. बँकेत जे काही असेल ते मौद्याच्या लहानूला त्याच्या पायाच्या उपचारासाठी द्यावे. लहानू अश्विनच्या मंडळीत येतो. त्याने माझा व्हिडिओ पाहिला आणि साखरेच्या आजाराच्या गोळ्या नाल्यात फेकल्या. पुढे पायाला जखम झाली, ती चिघळली आणि दोन बोटे कापावी लागली. तो काठी टेकत माझ्याकडे आला, तेही पेरू घेऊन. मला वाटले भांडायला आला. तर म्हणतो कसा, "बाई, माहा विश्वास कमी पडला का?"

इतका राग मला उभ्या जन्मात आला नव्हता. मी म्हटले, "विश्वास नाही गा, गोळ्या कमी पडल्या!" आणि माझ्या औषधांचा डबा त्याच्यासमोर उपडा केला. त्याने एकेक पाकीट उचलून पाहिले. मग रडला. मीही रडले.

त्याच संध्याकाळी मी अश्विनला सांगितले, व्हिडिओ काढून टाक आणि मंडळीसमोर खरे बोल. तो म्हणाला, "आई, लोकायचा विश्वास उडून जाईन." मी विचारले, "देवावरचा का तुझ्यावरचा?" तो जेवता जेवता उठून गेला. व्हिडिओ अजून आहे.

कलम ५. अश्विन आजाऱ्यांच्या कपाळाला लावतो त्या अभिषेकाच्या तेलाच्या बाटल्या घरात फार जमल्या आहेत. दाराच्या बिजागऱ्या कुरकुरतात, त्यांना ते तेल घालावे.

कलम ६. दफनाच्या वेळी "देवाला चांगली माणसे लवकर हवी असतात" असे कोणी म्हणू नये. त्र्याहत्तराव्या वर्षी लवकर काय? "विश्वास कमी पडला" असे जो म्हणेल त्याला चहा देऊ नये.

कलम ७. राहते घर. हे कलम मी दोनदा लिहिले. पहिल्या मसुद्यात अट होती: माझ्या दफनानंतरच्या रविवारी अश्विनने त्याच मंचावरून 'आई बरी झाली नव्हती' असे सांगावे, तरच घर त्याला, नाहीतर लहानूला. वकीलसाहेबांना अट फार आवडली. मलाही आवडली. मी ती मोठ्याने वाचली आणि मला माझाच आवाज ओळखू आला. तू हे कर, मग मी ते देईन. तोच जुना बाजार, फक्त या वेळी देवाच्या खुर्चीवर मी बसले होते. मी अट खोडली.

तर हे घर अश्विन आणि मिनल यांना समान वाट्याने, कोणत्याही अटीविना मिळावे. हे कलम मिनलने त्याला मोठ्याने वाचून दाखवावे.

अश्विन, तू खरे बोललास तरी घर तुझे, नाही बोललास तरी तुझे. लोक उठून जातील ही तुझी भीती मला माहीत आहे. हॉल रिकामा झाला तरी तू माझा मुलगाच राहशील, आणि ज्याच्या नावाने तू ओरडतोस त्याचाही. मी तुझ्यावर रागावलेली आहे आणि माझे तुझ्यावर प्रेम आहे, दोन्ही लेखी देते. तुझे छप्पर आता कोणी काढून घेऊ शकत नाही. त्याखाली बसून लहानूला काय उत्तर द्यायचे, ते तू ठरव.

हा मजकूर मला वाचून दाखवण्यात आला. मीच लिहिला असल्यामुळे तो मला लगेच समजला, आणि खाली सही केली.

ठिकाण: नागपूर
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२४

(सही) मार्था वसंत सोनटक्के

आमच्यादेखत बाईंनी सही केली. अक्षर नीट आले.

साक्षीदार:
१. (सही) रविंद्र दानिएल पारधे, शेजारी
२. (सही) माया उन्मेष ढोके, निवृत्त परिचारिका