माह्या वाट्याची नळी

भिलाई, पावर हाउस

माय, तुले अन् बाबाले जय भीम.

बोन मॅरो म्हटलं की तू फोनवरच रडतं, म्हणून लिहून राहिली. हाड नाही काढलं व माय! मटणाच्या नळीतून आपण चोखतो ना, तसा मगज. सुईनं कंबरेतून थोडासा घेतला. तो पुन्हा भरते.

ब्लड कॅन्सरच्या कोण्या अनोळखी माणसाले दिला. त्याचं नाव सांगत नाहीत. माही जात कोणी इचारली नाही, फक्त जुळलं पायजे होतं. काल निरोप आला, त्याचं नवं रक्त बनून राहिलं! मी ड्युटीवरच नाचली.

उठताना कंबर जराशी ठणकते, बस. बाबा गोळ्या घेतात ना?

नळी नेहमी राजदीपदादालेच भेटे. रविवारी मी घरी येते. आता माह्या वाट्याची नळी भरून काढ.

तुही सुजाता